हिकिताचं गाणं

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी काही कारण नसताना ब्रेक दाबला, तो त्या मंगळवारी पहिल्यांदाच. गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि त्याच्यावर पाय ठेवून तो न दाबता दिवसाचे आठ तास बसून राहणं यालाच आमच्या धंद्यात अनुभव म्हणतात. ओकायामा स्टेशनाकडून आम्ही ट्रामच्या रुळांच्या कडेकडेने चाललो होतो. दिवा हिरवा, पुढे रस्ता मोकळा, स्टीअरिंगच्या चाकावर नर्सिंगची एक विद्यार्थिनी, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी ताठ. आणि मी ब्रेक दाबला. दोघींच्या माना पुढे गेल्या, मागे आल्या. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. "बाई, माझं काय चुकलं?" पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुझं काही चुकलं नाही. चल पुढे," मी म्हणाले, आणि मांडीवर उघडा पडलेला फॅक्सचा कागद पुन्हा वाचला. मागच्या लाल दिव्याशी तो पहिल्यांदा उघडला होता, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला पुढचा हिरवा यावा लागला.

तो कागद म्हणजे आमच्या टोळीची यंदाची गाण्यांची यादी. सेतो हेरन्स हा आमचा बेसबॉलचा संघ. गावात त्यांना सगळे बगळेच म्हणतात. बगळा एका पायावर उभा राहतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, आमचे बगळे ऐन सामन्यात तोही पाय उचलतात. सहा वर्षं झाली, सहाच्या सहा संघांत सहावे. मैदानाच्या उजव्या टोकाच्या स्वस्त बाकांवर कर्णे आणि ढोल घेऊन बसणारे आम्ही बेचाळीस जण. प्रत्येक फलंदाजाचं आपलं एक गाणं असतं. तो बॅट घेऊन आला की ते सुरू करायचं, तो आऊट होईपर्यंत किंवा बेसवर, म्हणजे पुढच्या घरात, पोचेपर्यंत थांबवायचं नाही. ही गाणी संघ देत नाही, आम्ही रचतो. खेळाडू संघ सोडून गेला की त्याचं गाणंही जातं. क्वचित एखादी चांगली चाल पुढे नव्या माणसाला मिळते, पण ती पहिला माणूस गेल्यावर. माणूस घरात असताना त्याचं अंथरूण कुणी पाहुण्याला देत नाही. आणि त्या कागदावर कुरोसे या नव्या पोराच्या नावाखाली, नंबर तेहतीस, माझ्या हाताने लिहिलेले शब्द होते:

वाट करून दे, कुरोसे,
मागचा पुढे जाऊ दे,
धुळीत उठू दे नाव तुझं,
वाट करून दे.

'हिकिता'ची तीन अक्षरं काढली आणि 'कुरोसे'ची तीन घातली, झालं. मी कागद उलटसुलट करून पाहिला. हिकिता, नंबर सेहेचाळीस, हे नाव यादीत कुठेच नव्हतं.

मुनेहिरो हिकिताला मी चौदा वर्षं बघते आहे. तो कधीच नावाजलेला खेळाडू नव्हता. त्याला जे येतं ते बघायला कुणी तिकीट काढत नाही. त्याला बंट येतो. पहिल्या बेसवर आपला गडी उभा असला की हिकिताने यायचं, बॅट फिरवायचीच नाही, नुसती आडवी धरून चेंडू पायापुढच्या मातीत टेकवायचा, स्वतः आऊट व्हायचं, आणि तेवढ्या अवधीत त्या गड्याने दुसऱ्या बेसवर पोचायचं. बळीचा बंट. आपण मरायचं आणि दुसऱ्याला एक घर पुढे सरकवायचं. हे काम हिकिताइतकं सफाईने करणारा माणूस मी पाहिला नाही. चेंडू त्याच्या बॅटीला लागून असा निजायचा, जणू झोपलेल्या पोराला कुणी गादीवर ठेवतं आहे. आऊट होऊन तो परत यायचा तेव्हा सगळे त्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि आम्ही बेचाळीस जण टाळ्या वाजवायचो. जगात आऊट झाल्याबद्दल टाळ्या मिळवणारी माणसं किती असतील? त्याच्या दुसऱ्या वर्षी मी ते शब्द लिहिले. चाल आगाताने बांधली, वाद्यांच्या दुकानात काम करायचा तो. दोन वर्षांपूर्वी आगाता गेला आणि आमच्यात चाली बांधणारं कुणी उरलं नाही. आता हिकिता सदतीस वर्षांचा आहे. वसंताच्या सरावाला पहिला संघ ओकिनावाला गेला आहे, टीव्हीचे कॅमेरे आणि कुरोसे तिकडे. राखीव खेळाडूंचा दुसरा संघ समुद्रापलीकडच्या बेटावर कोचीला, वांग्यांच्या काचघरांशेजारच्या मैदानावर, आणि हिकिता तिकडे.

जेवणाच्या सुट्टीत मी मिझोगुचींना फोन लावला. मिझोगुची आमच्या टोळीचे म्होरके, एकाहत्तर वर्षांचे, माशांच्या वड्यांचं दुकान चालवतात आणि ढोलावर बसले की तिशीतले होतात.

"मिळाली यादी?" त्यांनी आधीच विचारलं. "सोबतचा संमतीचा कागदही मिळाला असेल. त्याच्यावर तुमचा सहीचा शिक्का मारून पाठवा बाई, शनिवारी संध्याकाळी छापखान्यात द्यायची आहे."

"हिकिता कुठे आहे यादीत?"

"आता असं बघा. तो काही यंदा वर येत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे. शरद ऋतूत हारतुरे, भाषण, डोळे पुसणं, संपलं."

"अजून संपलं नाही ना?"

"अहो, चाल किती झकास आहे! पोरगा चेंडू आभाळात धाडतो, आणि आपण काय त्याला गाणं नसलेल्या सगळ्यांसाठीचं ते तें-तें-तें वाजवून दाखवायचं? आगाता असता तर प्रश्न नव्हता."

"आभाळात चेंडू धाडणाऱ्या पोराला तुम्ही 'वाट करून दे' म्हणणार? त्याचा आणि त्या शब्दांचा काय संबंध?"

मिझोगुची हसले. माणूस वाईट नाही, म्हणून त्या हसण्याचा राग जास्त आला. "कुसाकाबाई, शब्द कोण ऐकतं हो? लोक चालीवर माना डोलावतात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही कशाला नाही म्हणाल? म्हणून तर आधीच फॅक्स केला."

मी फोन ठेवला आणि डब्यातला गार भात तसाच पुढ्यात घेऊन बसले. तुम्ही कशाला नाही म्हणाल. यात टोमणा नव्हता हो, हेच तर दुखणं. घड्याळात किती वाजले असं विचारल्यावर सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं होतं. समोरच्या काचेपलीकडे आमचे मुख्य शिक्षक निशिओका कुणाला तरी मान लववत होते. या निशिओकाला गाडी मागे घ्यायला मी शिकवलं. तो आला तेव्हा रस्त्यावरच्या मांजराला घाबरायचा. सात वर्षांनी मुख्य शिक्षकाची जागा रिकामी झाली, सगळ्यांना वाटलं ती माझी, आणि मालकाने मला बोलावून अर्धा तास चहा पाजला. 'कुसाकाबाई, तुम्ही समजूतदार आहात.' कानामागून आला आणि तिखट झाला. पण मी काय केलं? त्याच्या अभिनंदनाच्या कार्डावर पहिली सही माझी. माझं अक्षर चांगलं आहे ना, मग मजकूरही मीच लिहिला. आणि त्याच्याही आधी, नवऱ्याला सेंदाईला बदलीवर बढती मिळाली तेव्हा, तो ताटावरून मान वर न करता म्हणाला होता, "तू नको म्हणालीस तर नाही जात," आणि मी म्हणाले होते, "जा की, माझी काळजी नको." दोन वर्षांसाठी गेला. नऊ झाली. नववर्षाला कार्ड येतं, त्यावर त्याचं अक्षर असतं आणि खाली दुसऱ्या कुणीतरी निवडलेलं चित्र. मला आजवर असं वाटत आलं होतं की मी हिकितावर गाणं लिहिलं. त्या गार भातासमोर मला पहिल्यांदा शंका आली की मी ते कुणावर लिहिलं होतं. मग राग आला, चांगला सणसणीत, पन्नाशी उलटलेल्या बाईला शोभणार नाही असा.

मी उठून निशिओकासमोर उभी राहिले. "मला शनिवारी रजा हवी."

"शनिवारी? शनिवारी सगळ्यात जास्त गर्दी. काही घरगुती अडचण?"

"कोचीला जायचं आहे. सराव बघायला."

"बगळ्यांचा?" त्याच्या भुवया वर गेल्या. "आणि तोही दुसऱ्या संघाचा? बाई, पहिलाच संघ बघवत नाही. यंदा म्हणतात तो कुरोसे काहीतरी..."

"रजा देताय की मी तशीच जाऊ?"

त्याने दिली. तोंड मात्र असं केलं, जणू उभ्या गाडीने त्याला धडक दिली.

शनिवारच्या गाडीत पुलावरून खालचा समुद्र दिसत होता आणि समोरचा माणूस खेळाचा पेपर वाचत होता. पहिल्या पानावर कुरोसे, बॅट खांद्यावर, दात दाखवत: 'बगळ्यांना पंख फुटले.' दर फेब्रुवारीत असंच काहीतरी फुटतं. फेब्रुवारीत कुणीच हरलेलं नसतं, सगळ्यांच्या नावापुढे शून्य, आणि शहाणीसुरती माणसं त्या शून्याकडे पाहून पाघळतात. यंदा गोलंदाजी सुधारली, यंदा तरुण रक्त, यंदा नवा प्रशिक्षक अंधारात उठवून पळवतो. मला लोक विचारतात, तुम्ही इतकी वर्षं कोणत्या आशेवर बघता? मला आशा नको आहे. आशा हवी असलेल्यांनी टोकियोचा एखादा श्रीमंत संघ बघावा. मी सहाव्या क्रमांकाच्या संघाचे सामने बघते कारण ते माझे आहेत. आपला तो बाब्या, असं कुणी हसून म्हणालं तर म्हणो. सप्टेंबरात, सगळं हातातून गेल्यावर, चारशे माणसांपुढे, नऊ धावांनी मागे असताना हिकिता खाली वाकून मातीत चेंडू निजवायचा. त्या वेळी दुसऱ्याला एक घर पुढे सरकवून कुणाचं काय भलं होणार होतं? पण प्रशिक्षकाची खूण आली होती, म्हणून तो वाकायचा. आणि मी घसा फोडून ओरडायचे, वाट करून दे. तेव्हा मला ते थोर वाटायचं. पुलाचे खांब खिडकीतून एकामागोमाग एक जात होते आणि मला वाटत होतं, ते खरंच थोर होतं, की आम्ही दोघंही नुसते आज्ञाधारक होतो? या प्रश्नाचं उत्तर मला नको होतं, तरी तो उतरेपर्यंत शेजारी बसून राहिला.

मैदानाबाहेर एक म्हातारी बुन्तानची मोठी पिवळी फळं विकत होती. आत साठएक माणसं, बहुतेक निवृत्त, टोप्या घातलेली, सोबत कुत्रीही. माझ्या शेजारी एक आजोबा फळ सोलत बसले होते, त्यांनी न विचारता दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. वारा समुद्राकडून येत होता आणि त्यात काचघरातल्या खताचा वास होता. आणि मध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या दरम्यान, एकटा हिकिता. त्याची हजार चेंडूंची पाळी चालू होती. प्रशिक्षक पंधरा पावलांवरून बॅटीने चेंडू मारतो, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि खेळाडूने ते सगळे अडवायचे, तो जमिनीवर आडवा पडून उठेनासा होईपर्यंत. असं विशीतल्या पोरांना रगडतात. सदतीस वर्षांच्या माणसाला रगडतात तेव्हा त्याचा अर्थ एकच, आपण होऊन बोल. आपण होऊन म्हण की पुरे झालं. हिकिता म्हणत नव्हता. तो प्रत्येक चेंडूमागे "आणखी एक!" म्हणून ओरडत होता, आवाज फाटलेला, गुडघ्यांपासून छातीपर्यंत काळी माती. चेंडू त्याच्या बगलेखालून जाऊ लागले. आजोबा म्हणाले, "कशाला एवढा जीव काढतो? म्हणावं की बाबा, झालं आता." मी फोडी तोंडात टाकल्या. आंबटगोड होत्या, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांच्यामुळे नव्हे.

जेवणाच्या वेळी खेळाडू दोरीच्या कडेने खोलीकडे जातात. पहिल्या संघाच्या दोरीशी पहाटेपासून रांग लागते. इथे मी एकटी होते. हिकिताने मला लांबूनच ओळखलं. त्याच्या तिसऱ्या वर्षी मोसम संपल्यावर तो एकदा आमच्या बाकांपाशी आला होता, आणि गाण्याबद्दल वाकून आभार मानून गेला होता. तेव्हापासून आमची एवढीच ओळख, वर्षातून एकदा मान लववायची.

"कुसाकाबाई! इतक्या लांब?" त्याने टोपी काढली. केसांत पांढरं बरंच दिसत होतं. "ओकिनावाला जायचं सोडून इथे कुठे आलात?"

"यादी आली," मी म्हणाले. "तुमचं गाणं त्यांनी कुरोसेला दिलं आहे. मी शिक्का मारणार नाही, एवढं सांगायला आले."

तो ओशाळला. हाताने मानेवरची माती पुसू लागला. "मारा शिक्का, बाई."

"काय?"

"मला मिझोगुचीसाहेबांचा फोन आला होता. मीच म्हटलं, घ्या. पोरगा चांगला आहे. जानेवारीत मला भेटायला आला तेव्हा वहाणा व्यवस्थित काढून ठेवल्या त्याने." तो हसला. "आणि पहिल्या बेसवर गडी उभा असला की मी काय करतो, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? तुम्हीच तर लिहून ठेवलंय."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. पण हे त्याचं खरं नव्हतंच, हे माझं होतं. माझेच शब्द, माझ्याच तोंडावर, इतक्या नम्रपणे. तेरा वर्षं बेचाळीस माणसं कर्णे फुंकून त्याच्या कानात ओरडली होती की वाट दे, वाट दे, आणि तो देत आला होता. जागा मागितली, दिली. मैदान मागितलं, दिलं. आता गाणं मागितलं, तर त्याने बॅट आडवी धरली. आणि हे सगळं मी शिकवलं होतं; मी, जिचा धंदाच दुसऱ्यांना रस्त्यावर सोडण्याचा आणि आपण बाजूच्या आसनावर बसून राहण्याचा. मला त्याची कीव आली नाही. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

"हिकिता," मी म्हणाले, आणि पुढचं 'तुम्ही' माझ्या तोंडातून निघेचना, "ते मी चुकीचं लिहिलं होतं."

"अहो, असं कसं..."

"ऐक माझं. गाणं तुझं नाही की तू ते देऊन टाकावंस. मिझोगुचींचंही नाही. तुला कुणी जा म्हटलंय का? नाही म्हटलेलं. मग कशाला आपण होऊन उठतोस? दुसरा पुढे सरकावा म्हणून किती वेळा मरायचं माणसाने? एकदा तरी वाट अडव. चुकलं तर चुकलं."

खेळाडूशी चाहत्याने असं बोलायचं नसतं. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, 'प्रयत्न करा, आम्ही सोबत आहोत' असं म्हणायचं, वाकायचं. मलाच कानकोंडं झालं. मी कोण? चौदा वर्षांत त्याच्याशी शंभर शब्द बोलले नव्हते, आणि आज सरळ अंगावर गेले. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, नीट, दोन्ही हातांनी, आणि "थंडी आहे, बाई, काहीतरी गरम खा," एवढंच बोलून खोलीत निघून गेला.

दुपारी एका कागद गिरणीच्या संघाशी सरावाचा सामना होता. मी परतीच्या गाडीची वेळ बघितली आणि तरी बसून राहिले. हिकिता सातव्या डावापर्यंत बाकावर होता. मग दोन-दोन अशी बरोबरी असताना आमचा एक पोरगेलासा गडी पहिल्या बेसवर पोचला, अजून कुणी आऊट नव्हतं, आणि आतून सेहेचाळीस नंबर बाहेर आला. शेजारचे आजोबा लगेच म्हणाले, "आता बंट." कुत्र्यालाही कळलं असतं. तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने टोपीला हात लावला, मग कोपराला, मग पट्ट्याला. ती खूण मला हिकिताइतकीच पाठ आहे. हिकिताने मान हलवली आणि बॅट आडवी धरली. पहिला चेंडू बाहेरून गेला, त्याने बॅट मागे घेतली. प्रशिक्षकाने पुन्हा तीच खूण केली. हिकिता पुन्हा वाकला, गुडघे तसेच सैल, बॅटीवरचा वरचा हात तसाच हलका, आणि गिरणीचे गडी त्याच्या बंटासाठी पुढे धावत आले. माझे ओठ आपोआप हलू लागले, वाट करून दे. आणि चेंडू निम्म्यात आला तेव्हा त्याने बॅट मागे ओढली आणि फिरवली. नुसती फिरवली नाही, अंगातलं होतं नव्हतं ते घालून फिरवली, डोक्यावरचं हेल्मेट उडालं. असा आवाज मी त्याच्या बॅटीतून कधी ऐकला नव्हता.

चेंडू सरळ गेला तो गिरणीच्या गड्याच्या हातात, एका टप्प्यात. त्याने तो दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून पहिल्यावर. हिकिता डोकं खाली घालून पळत होता, शेवटी अंग टाकलं, तरी उशीर झाला. एका चेंडूत दोघे आऊट. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या हातून याहून वाईट फारसं काही होत नाही. मागे कुणीतरी हसलं. प्रशिक्षकाने टोपी जमिनीवर आपटली. "हिकिता! डोळे फुटले का तुझे? खूण दिसली नाही?" आमच्यापर्यंत सगळं ऐकू येत होतं. "दिसली!" हिकिता ओरडला. तो मातीत गुडघ्यांवर होता. "दिसली होती!"

"काय हो हा माणूस," आजोबा म्हणाले, "इतकी वर्षं खेळून ऐन वेळी विसरतो."

"विसरला नाही," मी म्हणाले.

हे मी केलं का? उद्या त्याला इथूनही काढतील. शरद ऋतूतला सन्मानाचा निरोप, फुलं, भाषण, तेही गेलं कदाचित. खूण मोडणाऱ्याला कोण फुलं देतं? त्याची बायको आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. दुसऱ्याच्या गाडीचं चाक आपण बाजूने ओढायचं नसतं, हे मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवते. पण मी ओढलं नव्हतं, मी फक्त बोलले होते, चाक त्याने स्वतः फिरवलं. असं म्हणून मी सुटत नाही, मला माहीत आहे. सुटायचंही नाही मला. तो बाकावर जाऊन बसला, त्याच्या दोन्ही बाजूंची पोरं हळूच सरकून लांब झाली. त्याने हातमोजे काढले आणि आपले तळवे वर करून त्यांच्याकडे पाहत राहिला, बराच वेळ. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं. मला मात्र कधी नव्हे इतकं बरं वाटत होतं, लाज वाटावी इतकं बरं. तेवढ्यात पर्समधला फोन वाजू लागला.

"बाई, कुठे आहात?" मिझोगुची. "छापखाना पाचला बंद होतो. तुमचा शिक्का अजून आला नाही."

"येणार नाही."

"हे बघा, हट्ट करू नका. हिकिता स्वतः हो म्हणालाय मला."

"आता म्हणायचा नाही."

"का? भेटलात की काय? काय झालं?"

"आत्ताच त्याने एका चेंडूत दोघांना आऊट केलं. बंटाची खूण होती, आणि त्याने बॅट फिरवली."

पलीकडे दुकानात कढई चरचरत होती ती ऐकू आली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हिकिताने? खूण मोडली?"

"मोडली."

"आणि हे तुम्ही मला आनंदाने सांगताय?"

"आनंदानेच सांगतेय. कागद-पेन्सिल घ्या. सेहेचाळीस नंबर, हिकिता. चाल तीच राहील, शब्द नवे."

"अहो, पण तो वर येणार नाही! ते गाणं यंदा एकदाही वाजणार नाही, बाई. कुणासाठी छापायचं?"

"तरी छापा. कुरोसेला दुसरं काही द्या, तें-तें-तें द्या, आभाळात चेंडू धाडणाऱ्याला कसलंही चालतं."

ते पुटपुटले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, बायकोला चष्मा मागितल्याचा. "हं. सांगा."

"वाट अडव, हिकिता."

"वाट... अडव... हिकिता," ते लिहिता लिहिता म्हणाले. "पुढे?"

"पुढचं अजून सुचलं नाही," मी म्हणाले. "तेवढंच छापा."